कानबाईचे चार टायर

गजेंद्रकाकांनी अट घातली तेव्हा ती कोणालाच अन्यायाची वाटली नाही, कारण ती पुरी होणार नाही हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. राघोभाऊंचं वर्षश्राद्ध आषाढात झालं. लिंबायतमधलं त्यांचं टायरचं दुकान वर्षभर चालवून पाहू, असं ते गेले तेव्हा घरात ठरलं होतं, आणि ते वर्ष आता सरलं होतं. साड्यांच्या पॅकिंगसाठी एक माणूस जागा मागत होता. काका पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये सुपरवायझर होते. मनाने वाईट नव्हते, पण कुठलीही गोष्ट अर्धवट लटकलेली त्यांना पाहवत नसे, मग ती दोरीवरची साडी असो की भावाचं दुकान.

राघोभाऊंची एकुलती मुलगी नूतन सकाळी मराठी शाळेत शिकवायची आणि दुपारी दुकानात येऊन बसायची. बसायची ती स्टुलावर. ट्रकच्या जुन्या टायरला पाट ठोकून राघोभाऊंनी स्वतःसाठी केलेली खुर्ची दाराशी तशीच होती. ती रोज पुसली जायची, तिच्यावर कोणी बसत नसे. येणारी माणसंही त्या खुर्चीकडे पाहत, मान हलवत आणि भाऊंची एखादी आठवण सांगून निघून जात.

"लोके टायर लेवाले येतस नई, नूतन," काका म्हणाले. "तुना बापन्या गोष्टी सांगाले येतस."

हे खरंच होतं, म्हणून नूतनला त्याचा जास्त राग आला. तिने कानबाईपर्यंतची मुदत मागितली. ही खान्देशी देवी श्रावणातल्या एका रविवारी घरी बसते, सोमवारी सकाळी उठून विसर्जनाला नदीवर जाते, आणि तिच्यासाठी खान्देशातली भाऊबंदकी सुरतेत गोळा होणार होती. जे ठरायचं ते सगळ्यांसमोर ठरावं, असं तिचं म्हणणं. काकांनी थोडा विचार केला आणि दुकान ठेवायचं तर काय, ती अट सांगितली.

"चार टायर एकदम. एकच गाडीले. कानबाई उठाना आगोदर लागेल पाहिजेत."

दुकानातला फिटर योगेश हे ऐकून हसला आणि मग आपण कोणाच्या बाजूचे आहोत ते आठवून गप्प झाला. लिंबायतमध्ये चार टायर एकदम कोणी घेत नाही. लोक एक टायर घेतात, तो पुढे लावतात, पुढचा मागे नेतात, मागचा स्टेपनीला टाकतात आणि स्टेपनीतला निघतो त्याचा घरी झोपाळा करतात. शिवाय दुकानाची निम्मी गिऱ्हाइकं रिक्षावाली.

"रिक्षाले तर चाकंच तीन शेतस," काका जाता जाता म्हणाले. कोणी समजून घेतलं नसेल तर, म्हणून.

कानबाईच्या आधीच्या गुरुवारी दुपारी गल्लीत एक गाडी आली. आली म्हणजे लंगडत आली. हळदीसारखी पिवळी, इतकी बुटकी की गल्लीतल्या शेळीला तिच्या टपावरून पलीकडचं दिसावं. मागचं डावं चाक जमिनीशी चिकटलं होतं आणि रबराच्या चिंध्या फटफट वाजत होत्या. पॉवरलूमची एक तुटकी लोखंडी पट्टी रस्त्यात पडली होती, तिने टायरची कड उभी चिरली होती. त्यावरही मालकाने गाडी दोन गल्ल्या रेटत आणली होती, कारण थांबलं की माणसं जमत होती.

आतून एक पस्तिशीचा, घामाघूम झालेला माणूस निघाला. निघायलाही त्याला वेळ लागला, कारण त्या गाडीतून बाहेर पडणं म्हणजे विहिरीतून वर येण्यासारखं होतं. त्याचं नाव विपुलभाई. कतारगामच्या एका हिरेवाल्यांचा जावई. गाडी सासऱ्यांची. सासरे, बाबुभाई, सध्या गावी भावनगरकडे गेले होते आणि जाताना त्यांनी जावयाला एकच काम सांगितलं होतं, गाडी रोज सुरू करून ठेवत जा. जावयाने पहिल्या दिवशी ती पार्किंगमध्ये सुरू केली, दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या फाटकापर्यंत सुरू केली आणि आज पांडेसऱ्याच्या मित्राला दाखवायला घेऊन निघाला होता. सासरे सोमवारी दुपारी घोघ्याहून फेरीबोटीने हजिऱ्याला उतरणार होते.

"बेन, एक ज टायर," तो नूतनला हात जोडून म्हणाला. "असाच, जुना दिसणारा. नवीन नको. नवीन दिसला की मी मेलो."

एक म्हटल्यावर योगेशने नूतनकडे पाहिलं. नूतनला चार हवे होते. पण एकाच्या जागी चार गळ्यात मारणं हे बापाच्या खुर्चीसमोर बसून करायचं काम नव्हतं. ती खाली वाकली, चारही टायर नीट पाहिले, आणि मग पुन्हा पहिल्यापासून पाहिले. टायरवर ते कधी बनले त्याचा आकडा कोरलेला असतो. हे चारही टायर तिची एम.ए.ची परीक्षा झाली त्या काळातले, म्हणजे आठ-दहा वर्षांपूर्वीचे होते. सासरे गाडी वर्षातून एकदा दिवाळीला काढायचे, म्हणून नक्षी कोरी करकरीत दिसत होती. पण बगलेला बारीक भेगा गेल्या होत्या, आजीच्या टाचांना असतात तशा. रबर इतकं कडक झालं होतं की नख रुतत नव्हतं.

तिने विपुलभाईला बोट फिरवून पाहायला लावलं. शिवाय ह्या गाडीचे मागचे टायर पुढच्यांपेक्षा रुंद होते. मागे एक नवा आणि एक जुना घातला तर ओल्या रस्त्यावर गाडी जोरात निघाली की सरळ न जाता गिरकी घेणार होती.

विपुलभाईने गाडी पुन्हा कधी जोरात चालवणार नाही अशी शपथ घेतली. नूतनने विचारलं, सासरे चालवतील तेव्हा?

सासऱ्यांची गिरकी विपुलभाईने मनातल्या मनात पाहिली असावी, आणि ती पाहताना त्याच्या चेहऱ्यावर आधी जरा बरं वाटल्यासारखं काहीतरी येऊन गेलं. पण तो मुळात भला माणूस होता. "चार," तो म्हणाला. "पण सोमवार दुपारच्या आत."

आता चार टायर शोधायचे होते. नूतनने सुरतेतल्या मोठ्या दुकानांना फोन लावले. गाडीचं नाव ऐकून समोरचा माणूस अदबीने बोलायचा आणि लिंबायत म्हटलं की हसायचा. एका ठिकाणी माल तयार होता, पण तो शर्यतीचा. नरम रबर, गुळगुळीत, नक्षी नावापुरती. विपुलभाईला तोच हवा होता, कारण जाहिरातीत त्याच्यावर एक गाडी धूर काढत वळत होती.

"विपुलभाई," नूतन म्हणाली, "गुळगुळीत तळव्याची चप्पल घालून तुम्ही ओल्या मोरीत उभे राहाल का?"

"ना."

"मग सासऱ्यांना कशाला उभं करता?"

शेवटी नाशिकच्या एका जुन्या व्यापाऱ्याकडे पत्ता लागला. राघोभाऊ त्याच्याकडून ट्रकचे टायर आणत. कोणा हौशी गिऱ्हाइकाने बाहेरून मागवलेला एक संच त्याच्याकडे पडून होता. गिऱ्हाइकाने दरम्यान गाडीच विकली होती. दोन अरुंद, दोन रुंद, पाणी कापणारी खोल नक्षी. व्यापाऱ्याने माप दोनदा विचारलं आणि मग त्यानेही राघोभाऊंची एक आठवण सांगितली. मग त्याने विचारलं, पाठवू कसे?

ह्याचंही उत्तर घरातच होतं. नूतनची आत्या सखुबाई नाशिकला राहायची. कानबाईसाठी ती घरच्यांना घेऊन जीप करून रविवारी सकाळी निघणार होती. आत्याने फोनवर एवढंच विचारलं की टायरला वास येतो का. येतो म्हटल्यावर ती म्हणाली, मग माहेरासारखंच वाटेल.

काका शनिवारी दुकानात डोकावले. पिवळी गाडी, तिच्यावर ताडपत्री, ताडपत्रीवर कोंबडा. त्यांनी काही विचारलं नाही, पण पॅकिंगवाल्याला सोमवारी चावी देतो म्हणाले होते, ते आता मंगळवार म्हणाले.

रविवारी सकाळी योगेशने चाकं सैल करायला घेतली आणि अडचण निघाली. योगेशला अडचण निघाली की समाधान वाटायचं. प्रत्येक चाकाचा एक बोल्ट निराळा होता, चोरी होऊ नये म्हणून. त्याला खास किल्ली लागते आणि ती गाडीत नव्हती. विपुलभाई कतारगामला घरी जाऊन धावत परत आला तो गाडीच्या कव्हरचं कुलूप घेऊन. पुन्हा गेला, तर बायकोच्या पियानोची चावी घेऊन आला. तेव्हा नूतनने योगेशला आरतीपर्यंत घरी धाडलं आणि स्वतः विपुलभाईबरोबर रिक्षाने निघाली.

किल्ली शेवटी सासऱ्यांच्या देवघरात सापडली. दिवाळीला गाडीची पूजा झाली की ते ती तिथेच ठेवत. पण ती सापडेपर्यंत, आणि विपुलभाईच्या सासूबाईंना आपण कोण ते न सांगता त्यांचा चहा घेईपर्यंत, आणि रस्त्यातल्या मिरवणुकींच्या तयारीतून रिक्षा बाहेर पडेपर्यंत संध्याकाळ झाली. गल्लीच्या तोंडाशीच नूतनला आरतीचा आवाज आला.

नूतनच्या घरी, म्हणजे महाजनांकडे, कानबाई दुकानातच बसायची. वरच्या दोन खोल्यांत एवढी भाऊबंदकी मावत नसे. शटर पूर्ण वर करायचं, माल एका बाजूला लावायचा, टायर बसवण्याचं मशीन जुन्या साडीने झाकायचं. हे मशीन राघोभाऊंनी जाण्याच्या आदल्या वर्षी आणलं होतं, मोठ्या गाड्यांचं. रिक्षांच्या दुकानात हे कशाला, असं सगळ्यांनी विचारलं होतं. ते म्हणाले होते, एक दिवस येईल एखादी. मधोमध चौरंग, चौरंगावर नारळाची कानबाई, डोळे, नथ, साडी, दागिने. आणि चौरंगाच्या चार कोपऱ्यांना केळीचे चार खांब. हे खांब फरशीवर उभे राहावेत कसे, ह्याला राघोभाऊंनी फार पूर्वी आपल्या धंद्यातला उपाय काढला होता. टेम्पोचे चार जुने टायर आडवे ठेवायचे, खांब त्यांच्या मधोमध उभे करायचे, भोवती माती ठासायची. आणि एकदा कानबाई बसली की ती सोमवारी सकाळी उठेपर्यंत तिचं काही हलवायचं नाही. फूलही नाही.

गेल्या वर्षी सुतकामुळे कानबाई बसली नव्हती. ह्या वर्षी मांडणी पहिल्यांदाच काकांनी केली होती. नूतन आत शिरली तेव्हा ते हात पुसत दारातच उभे होते, आणि वर्षभरात प्रथमच त्यांचा चेहरा भावाच्या चेहऱ्यासारखा दिसत होता.

"देख," ते म्हणाले. "अवंदा खांब कसा ताठ उभा शेतस."

खांब खरोखर ताठ होते. मागचे दोन जाड खांब रुंद टायरमध्ये, पुढचे दोन बारीक खांब अरुंद टायरमध्ये, जणू मोजून आणलेले. काळेभोर, कोरे, खोल नक्षीचे. प्रत्येकावर हळदीकुंकवाची पाच पाच बोटं. आत काठोकाठ ओली माती.

सखुआत्या कौतुकाने पुढे आली. घाटात टायर सरकत होता म्हणून ती सापुतारा उतरेपर्यंत त्यातला एक मांडीवर घेऊन बसली होती. "बारसाना पोऱ्यासारखा आना शे, माय," ती म्हणाली. काकांना तिने टायर आणलेत एवढंच सांगितलं होतं. असल्या गाडीचे टायर आत्याच्या जीपमधून येतील हे काकांच्या मनातही आलं नाही. त्यांनी मानलं की पोरीने बापाची रीत लक्षात ठेवून कानबाईसाठी मुद्दाम नवे मागवले. त्यांचा ऊर भरून आला होता. त्या भरात त्यांनी माती स्वतःच्या हाताने ठासली होती.

नूतनच्या मागून विपुलभाई आत आला. त्याने देवीला नमस्कार केला, टायर पाहिले, पुन्हा नमस्कार केला आणि मागे सरून जे हाताला लागलं त्यावर बसला. ती राघोभाऊंची खुर्ची होती. टाळ्या थांबल्या. इतकी माणसं एकदम गप्प झालेली पाहून देवीच कोपली असं वाटून तो ताडकन उठला आणि खांबाला धडकता धडकता वाचला.

हळूहळू सगळा उलगडा झाला. पिवळी गाडी, सोमवार, सासरे, अट. काकांना आपण काय करून बसलो ते समजलं, आणि त्याच्या पाठोपाठ हेही समजलं की त्यामुळे आपण जिंकलो आहोत. कानबाई उठायच्या आत टायर गाडीला लागणार नव्हते, कारण कानबाई उठायच्या आत ते हलणारच नव्हते. ज्या तोंडाने जिंकायचं ते तोंड त्यांना काही केल्या करता येईना.

"मी मुद्दाम नई करं, नूतन," ते म्हणाले.

"माहीत आहे, काका."

ते मुद्दाम केलं असतं तर तिला भांडता तरी आलं असतं. तिने मशीनवर टाकलेल्या साडीकडे पाहिलं. एक दिवस येईल एखादी. आली होती. दाराबाहेर उभी होती, आणि तिचे टायर आत देवीचे खांब धरून होते. नूतन रडली नाही. तिने किल्ली आरतीला आलेल्या योगेशच्या हातात दिली आणि निरांजनात तेल घालायला वळली. योगेश हळूच म्हणाला की त्याला हे गुरुवारीच वाटलं होतं.

तेव्हा चौरंगाजवळ बसलेल्या उषाबाई बोलल्या. नूतनची आई सकाळपासून उपासाची होती आणि आरतीपुरतीच तोंड उघडत होती. नवरा गेल्यापासून त्या तशाही कमीच बोलत.

"गजू," त्या दिराला म्हणाल्या, "तुले मुंग्या याद नईत का?"

काकांना कुठल्या मुंग्या ते कळेना.

मग उषाबाईंनी सांगितलं. दुकान नवं होतं, त्या स्वतः नव्या नवरी होत्या आणि गजेंद्र हाफ चड्डीत होता. कानबाई बसली होती आणि एका टेम्पोवाल्याचा टायर रस्त्यात फुटला. गाडीत दूध होतं, नासलं असतं. त्या मापाचा टायर होता तो खांबाखाली. राघोभाऊंनी देवीसमोर हात जोडले आणि म्हणाले, खांब तुझा, टायर माझा. मग भावांनी खांब उचलून धरला, खालचा टायर ओढून काढला, टेम्पोचा जुना तिथे सारला. खांब जमिनीला टेकला नाही की झुकला नाही.

"खांब तू धरेल व्हता," उषाबाई म्हणाल्या. "केळीन्या मुंग्या हातवर चढन्यात, तू रडना, पन सोडा नई."

काकांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. त्या हाताने नंतर पांडेसऱ्यात हजारो तागे उचलले होते, पण मुंग्या कुठेतरी शिल्लक असाव्यात, कारण त्यांनी मनगट खाजवलं.

"पहाटे करा," उषाबाई म्हणाल्या. "पूजाना आगोदर. आनि खांब पडाले नको."

सोमवारी उजाडताच कामाला सुरुवात झाली. आधी गाडीचं पाहायचं होतं. दुकानातला जॅक तिच्याखाली शिरत नव्हता, इतकी ती बसकी. म्हणून सगळ्या पाहुण्यांनी मिळून ती एका बाजूने ढकलत लाकडी फळ्यांवर चढवली आणि मग जॅक घातला. ह्या कामात नाशिकची आणि लिंबायतची मंडळी कोण जास्त जोर लावतं ह्यावरून थोडी बोलाचाली झाली, त्यामुळे गाडी ठरल्यापेक्षा जरा जास्तच चढली.

योगेशने पहिलं चाक काढलं, जुना टायर उतरवला, आत्याने तो धुतला. मग काका खांबापाशी गेले. त्यांनी देवीला हात जोडले आणि भावाचे शब्द मनात म्हटले असावेत, कारण त्यांचे ओठ हलले. खांब दोन्ही हातांनी मिठीत घेऊन त्यांनी वीतभर उचलला. नूतनने माती उकरून नवा टायर ओढला, सखुआत्याने त्याच क्षणी जुना आत सारला. खांब टेकला. कानबाईच्या नाकातली नथसुद्धा हलली नाही. बायकांनी कोणी न सांगता गाणं धरलं.

मशीनवरची साडी काढताना मात्र नूतनचे हात जरा रेंगाळले. मग तिने ती नीट घडी करून आईजवळ दिली. मशीन एवढ्या मोठ्या चाकाभोवती असं बसलं की जणू आणल्यापासून त्याचीच वाट पाहत होतं. असले बसके टायर हवा भरली की चाकावर धाडकन बसतात. पहिला बार झाला तेव्हा वरच्या खोलीत झोपलेले पाहुणे धावत खाली आले. दुसऱ्याला सखुआत्याने हात जोडले. तिसऱ्यापर्यंत गल्लीतल्या लोकांना वाटू लागलं की महाजनांची कानबाई ह्या वर्षी तोफांची सलामी घेऊन उठणार.

चौथ्या खांबाशी घोटाळा झाला. भाऊंच्या रीतीने खाली त्याच गाडीचा जुना टायर जायचा, आणि ह्या खांबाच्या वाट्याला राहिलेला म्हणजे तो फाटलेला. त्याची कड चिंधी झालेली, माती एका बाजूने बाहेर यायला लागली आणि खांब देवीकडे झुकू लागला. काकांनी झेप घेतली, पण त्यांच्या आधी एक हात तिथे पोचला होता. विपुलभाईने खांब धरला होता.

"सोडू नका," नूतन म्हणाली.

"केटली वार?"

"कानबाई उठेपर्यंत."

कानबाई उठायला अजून बराच अवकाश होता. पूजा व्हायची होती, रोटांचा नैवेद्य व्हायचा होता. कतारगामचा तो जावई, ज्याने घरी पाण्याचा पेला स्वतः उचलला नव्हता, डोक्याला रुमाल बांधून केळीचा खांब धरून उभा राहिला. मुंग्या यथाकाल आल्या, आधी हातावर, मग चेहऱ्यावर. तो डोळे मिटून सोसत होता. बायकांना वाटलं ध्यान लागलं आहे. त्यांनी जाता येता त्याच्याही कपाळाला कुंकू लावलं आणि एकीने त्याचा व्हिडिओ काढला. काका दर थोड्या वेळाने येऊन त्याच्या हातावरच्या मुंग्या झटकून जात होते. तो मान आता त्यांचा होता.

बाहेर योगेशने शेवटचा बोल्ट आवळला आणि काहीच बिघडलं नाही म्हणून खट्टू होऊन उभा राहिला. नूतनने चारही चाकांवर हात फिरवला. हळदीकुंकवाची बोटं पुसायला ती फडकं घेऊन वाकली, तर आईने दारातूनच नको म्हणून मान हलवली. बोटं राहिली.

ती आत आली. "काका, चार लागले."

काका दाराबाहेर गेले. गाडीभोवती एक फेरी मारून चाकं मोजली, बहुधा तीन निघतात का ते पाहायला. मग आत आले आणि सगळ्या भाऊबंदकीसमोर, थोड्या घोगऱ्या आवाजात म्हणाले की आता कानबाईला उठवा.

चौरंग उषाबाईंच्या डोक्यावर चढला, विपुलभाईची सुटका झाली, आणि वाजत गाजत मंडळी तापीकडे निघाली. गल्ली इतकी भरली होती की गाडी मागे घेता येईना, वळवता येईना. तिला एकच वाट होती, मिरवणुकीच्या पुढे. तेव्हा ती पिवळी, ताशी तीनशे पळू शकणारी गाडी फुगडी घालणाऱ्या बायकांच्या वेगाने लिंबायतमधून निघाली. विपुलभाई कुंकवाच्या मळवटाने चालवत होता आणि शेजारी, गुडघे हनुवटीला लावून, काका बसले होते. रस्ता मोकळा करायला कोणीतरी हवं होतं, असं ते नंतर म्हणाले.

मंगळवारी दुपारी दुकानासमोर दुसरी एक गाडी थांबली, मोठी आणि काळी. त्यातून बाबुभाई उतरले. नूतन स्टुलावरून उठून उभी राहिली. मागोमाग उतरलेल्या विपुलभाईचा चेहरा पाहून काही अंदाज येत नव्हता, कारण तो मुंग्यांनी सुजला होता.

बाबुभाईंनी दुकान पाहिलं, मशीन पाहिलं, कोपऱ्यातले केळीचे खांब पाहिले. त्यांना सगळं कळलं होतं. फेरीबोटीत असतानाच तो व्हिडिओ त्यांच्यापर्यंत पोचला होता, आणि बोटीतल्या ओळखीच्यांना त्यांनी तो स्वतःच दाखवला होता. आपला जावई देवीसाठी दोन तास खांब धरून उभा राहू शकतो, हे त्यांना लग्नाला इतकी वर्षं होऊन पहिल्यांदाच समजलं होतं. गाडीबद्दल ते घरी जाऊन बोलणार होते, पण सकाळी पाऊस पडत असताना ती चालवून पाहिली आणि विसरले.

"बेन," ते म्हणाले, "आ काळी गाडीचेही चार बदलायचे आहेत. पण असेच." त्यांनी खांबांकडे बोट केलं. "देवीखाली बसलेले."

नूतनने सांगितलं की कानबाई आता पुढच्या श्रावणात. ते म्हणाले, चालेल, नंबर लावून ठेवा. आणि निश्चिंत होऊन दाराशी असलेल्या टायरच्या खुर्चीकडे वळले.

काकांनी चपळाईने स्टूल पुढे केलं. "आठे बसा, शेठ. ती दुकानवालीनी शे."

नूतनला आधी वाटलं आपण नीट ऐकलं नाही. मग आईने वरून चहाचा आवाज दिला, बाबुभाई स्टुलावर टेकले, आणि दुकानात बसायला दुसरं काही उरलंच नाही. ती खुर्चीवर बसली. खुर्ची तिच्या अंदाजापेक्षा खोल होती, तिच्यात माणूस आपोआप मागे रेलत होता. म्हणूनच बाबा गिऱ्हाइकाशी बोलताना नेहमी छताकडे पाहत. तिला ते वर्षानुवर्षं कोडं वाटत आलं होतं.

इतक्यात बाहेर एक रिक्षा थांबली. रिक्षावाला जुनाच, भाऊंची आठवण सांगायला दर आठवड्याला येणारा. पण आज त्याने आठवण काढली नाही. गल्लीत ऐकलं ते खरं आहे का विचारलं, आणि म्हणाला की आपल्याही गाडीसाठी पुढच्या कानबाईला नंबर लावायचा आहे. तीन टायर, एकदम.

नूतन काही बोलणार, त्याच्या आधी काका पुढे झाले.

"तीन जमाव नई," ते म्हणाले. "चार ले. एक स्टेपनीले ठेव."

"काका, रिक्षाला चाकं तीन."

"चाकं तीन शेतस," काका म्हणाले, "पन कानबाईले खांब चार शेतस."